बाटलीला चिकटलेली साय

बाटली कशी धुवावी हे दूधमावशींकडून शिकावं. आधी गार पाणी, मग साबणाचं कोमट पाणी, मग लांब दांड्याचा ब्रश आत घालून सात वेळा उजवीकडे, सात वेळा डावीकडे आणि शेवटी वाफेच्या भांड्यात वीस मिनिटं. सातच का, असं एका नव्या सिस्टरने एकदा विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "सहात भागलं असतं तर सहा म्हटलं असतं." पुढे कुणी विचारलं नाही. नवजात बाळांच्या दवाखान्यात बावीस वर्षं दूधखोली सांभाळणारी बाई ती. या काळात डॉक्टर आले आणि गेले, दोन फ्रीज मोडीत निघाले, भिंतींचा रंग हिरव्याचा पांढरा झाला, पण मावशी काही हलल्या नाहीत.

काम सांगायला सोपं होतं. दिवस भरायच्या आत जन्मलेली, तळहातावर मावतील एवढी बाळं पलीकडच्या खोलीत काचेच्या पेट्यांत असायची. त्यांना ओढून प्यायची ताकद नसते. म्हणून त्यांच्या आया समोरच्या खोलीत बसून पंपाने दूध काढायच्या, बाटलीवर पेटीचा नंबर चिकटवायच्या आणि मावशींच्या हवाली करायच्या. मावशी ती बाटली फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि दर दोन तासांनी त्यातलं दूध सिरिंजमध्ये भरून द्यायच्या. मग सिस्टर ते बाळाच्या नाकातल्या बारीक नळीतून थेंबाथेंबाने पोटात सोडायची. एका वेळचं दूध म्हणजे तीन-चार चमचे, त्याहून जास्त नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं रामायण हिच्यावरून घडलं. आईचं दूध फ्रीजमध्ये दोन-तीन तास उभं राहिलं की त्याच्यावर पिवळसर थर चढतो आणि खाली निळसर, पातळ दूध उरतं. मावशी नव्याने कामाला लागल्या तेव्हा एका म्हाताऱ्या सिस्टरने त्यांना शिकवलं होतं, "बाटली दोन्ही हातांत धरायची, हळूहळू गोल फिरवायची. थर मिसळला की मगच सिरिंज भरायची." दोन वर्षं मावशींनी तसं केलंही. मग ती सिस्टर रिटायर झाली आणि मावशींनी स्वतःचं डोकं चालवायला सुरुवात केली. आजारी माणसाला आपण सायीचं दूध देतो का? नाही देत. साय जड असते, ती बाजूला काढतो. मग एवढ्याशा जिवाला ती कशी पचायची? झालं. सिरिंजची नळी बाटलीच्या तळापर्यंत घालायची आणि खालचं दूध ओढून घ्यायचं, ही मावशींची पद्धत पडली. साय बाटलीला चिकटून राहायची आणि बेसिनमधून वाहून जायची. बाटल्या इतक्या ओशट व्हायच्या की दोनदा गरम पाणी ओतावं लागायचं. "बाळांच्या बाटल्या घासतेय की लोण्याचे डबे?" असं त्या करवादायच्या. पण हे लोणी बेसिनमध्ये का जातंय, हा प्रश्न काही त्यांना पडला नाही. कामाची गडबड असली की त्यांच्याकडून थर थोडाफार ढवळला जायचा आणि साय बाळाच्या पोटात जायची. त्या दिवशी त्यांनाच चुटपुट लागायची की आज काळजी कमी पडली.

आणि मग त्यांच्या स्वतःच्या सुनेला सातव्या महिन्यात रक्तदाब वाढला. रातोरात ऑपरेशन करावं लागलं. नातू झाला, पण वजन सव्वा किलो. सहा नंबरच्या पेटीत त्याला ठेवलं आणि सिस्टर लोकांनी लगेच त्याचं नाव ठेवलं, सव्वाशेर. मावशींचा मुलगा बस चालवायचा. बाप झाल्याच्या दिवशी तो पेटीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, हा तुझ्या हाताखाली आहे म्हणून मी गाडी तरी चालवू शकेन. नाहीतर स्टिअरिंगवर लक्ष लागलं नसतं."

हे ऐकल्यावर मावशींनी काय काळजी घ्यावी! इतर बाळांच्या सिरिंजा त्या भरायच्या तशा भरत, पण सहा नंबरची बाटली हातात आली की श्वास रोखून धरत. बाटलीला धक्कासुद्धा लागू द्यायचा नाही. फ्रीजमधून अलगद काढायची, अलगद ठेवायची, नळी अगदी तळाला टेकवायची. थराचा कणही आत येता कामा नये. सव्वाशेराच्या सिरिंजमध्ये दूध असं स्वच्छ निळसर दिसायचं की मावशींना समाधान वाटायचं.

सव्वाशेर मात्र वाढेना. अशा बाळाचं वजन रोज वीस-पंचवीस ग्रॅम तरी वाढायला हवं. याचं पाच वाढायचं, सहा वाढायचं, एक दिवस तर काहीच वाढलं नाही. कातडी कोरडी पडून पायांवर पापुद्रे सुटायला लागले. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याच्या डोक्याभोवती टेप लावली, आकडा बघितला आणि परत लावली. "डोक्याचा घेर हलत नाहीये," ते म्हणाले. "या दिवसांत मेंदू वाढतो. हे दिवस परत मिळत नाहीत. अजून चार दिवस बघू."  माणूस घाबरला की दोष द्यायला कुणीतरी शोधतो. मावशींना फार शोधावं लागलं नाही.

आयांच्या खोलीत सहा खुर्च्या, दोन पंप आणि एक जुना पडदा. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. सुनेने नुकतं काढलेलं दूध मावशींच्या हातात दिलं, तर मावशींनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा गं, आरपार खिडकी दिसतेय. पाणचट आहे दूध, कस नाही त्यात. माझ्या वेळी माझ्या दुधावर माझं पोर वाढून शेजारणीचंही वाढलं होतं." एक-दोघी हसल्या. सुनेने ब्लाउजची बटणं लावली, एक बटण चुकीच्या काजात गेलं, आणि ती तशीच बाहेर पडली.

त्या दिवसापासून ती खाली मान घालून जेवायला लागली. मावशी वाढतील ते खायची, दोनदा वाढलं तर दोनदा. पण पंपावर बसणं कमी झालं. दिवसातून आठ वेळा दूध काढायची ती पाच वेळा काढायला लागली, मग तीन वेळा. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, "पाणचट दूध काढून करायचं काय?" आणि दुधाचं तर असं असतं, काढलं तर येतं, न काढलं तर आटतं.

दवाखान्यात आहाराचं बघणाऱ्या एक मॅडम होत्या. तरुण, भरभर चालणाऱ्या, हातात नेहमी फूटपट्टी. सव्वाशेराचा तक्ता त्यांच्या टेबलावर गेला आणि त्या दूधखोलीत आल्या. केसाएवढ्या बारीक दोन काचनळ्या त्यांनी आणल्या होत्या. एकीत सुनेच्या ताज्या बाटलीतलं दूध घेतलं, दुसरीत मावशींनी भरून ठेवलेल्या सिरिंजमधलं. दोन्ही नळ्या यंत्रात घालून गरगर फिरवल्या. अशा फिरवल्या की दुधातला स्निग्ध भाग एका टोकाला गोळा होतो आणि तो पट्टीने मोजता येतो.

पहिल्या नळीत चांगला जाड पिवळा पट्टा जमला होता. दुसरीत नखाच्या कडेएवढी रेघ होती.

"दोन बायकांचं दूध आहे का हे?" मावशींनी विचारलं.

"एकाच आईचं, एकाच दिवसाचं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या सुनेचं दूध उत्तम आहे, मावशी. मी इथे आल्यापासून इतका जाड पट्टा फार कमी वेळा बघितलाय. ते बाळापर्यंत पोचतच नाहीये."

मावशी स्टुलावर बसल्या. मॅडम आपल्या नादात बोलत राहिल्या, शिकवायची सवयच होती त्यांना. म्हणाल्या, दुधातली निम्मी ताकद या पिवळ्या पट्ट्यात असते. उरलेल्या निळसर दुधात साखर आहे, प्रथिनं आहेत, पण तेवढ्यावर बाळ अर्धपोटीच राहतं. कागदावर त्यांनी एक आडवी रेघ काढली आणि तिला तीन लांब रेघा लटकवल्या. "हा स्निग्धाचा एक कण. खुंटाळ्याला तीन लांब टॉवेल लटकवावेत तसा. आडवी पट्टी ग्लिसरॉलची, टॉवेल म्हणजे स्निग्ध आम्लं. पोटात हे टॉवेल खुंटीवरून सुटतात. काही जळतात, त्यातून ऊब आणि ताकद मिळते. काही मात्र जाळायचे नसतात, त्यांनी शरीर बांधायचं असतं." मग त्यांनी त्यातल्या एका खुंटीवरचा टॉवेल खोडला आणि तिथे गोल डोकं काढलं. "हा त्याचाच भाऊबंद. याचं डोकं पाण्याकडे तोंड करतं आणि दोन शेपट्या पाण्यापासून पळतात. असे लाखो जण डोकी बाहेर, शेपट्या आत करून पाठीला पाठ लावून उभे राहिले की पेशीची भिंत होते. बाळाच्या अंगातली प्रत्येक पेशी, मावशी. मेंदू तर त्याचाच बनलेला. त्यातलं पाणी वगळलं, तर निम्म्याहून जास्त स्निग्धच. त्यातली दोन आम्लं अशी आहेत की शरीराला ती स्वतः करताच येत नाहीत, खाण्यातूनच यावी लागतात. ती नसली की कातडी सुटते. त्याच्या पायांचे पापुद्रे बघितलेत ना? आणि डोळ्यांचं, हाडांचं, रक्त गोठायचं अशी जीवनसत्त्वं, ही सगळी स्निग्धात बसूनच प्रवास करतात. स्निग्ध नाही तर तीही नाहीत."

मावशींना बेसिन दिसत होतं. त्यांनी मघाशीच सहा नंबरची बाटली धुतली होती, आणि बेसिनच्या जाळीवर एक पिवळा ओशट ठिपका अजून तसाच होता.

"सिरिंज भरताना बाटली फिरवून घेता ना?" मॅडमनी विचारलं.

"फिरवते की," मावशी म्हणाल्या.

बावीस वर्षांत खोटं बोलायची वेळ आली नव्हती, तरी शब्द असा सहज निघाला की त्यांनाच आश्चर्य वाटलं. मॅडमनी तो खरा मानला, कारण दूधमावशींवर अविश्वास दाखवायचा विचारही कुणी करत नसे. "मग फ्रीज फार गार होत असेल, साय गोठून काचेला चिकटत असेल," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी फ्रीजवाला आला, त्याने बिचाऱ्याने फ्रीजचं पाठचं पत्र्याचं झाकण उघडलं, आत डोकं घातलं, घामाघूम होऊन बाहेर आला आणि म्हणाला, "फ्रीज ठणठणीत आहे." तरी त्याला चार शब्द ऐकावे लागले. मावशी शेजारी उभ्या होत्या आणि गप्प होत्या.

पण त्याच दिवसापासून त्या बाटली फिरवायला लागल्या, सहाही पेट्यांची. दोन्ही हातांत धरून, हळूहळू, बाटलीच्या कडेला एकही पिवळा कण उरत नाही तोवर थांबायच्या नाहीत. पहिल्या दिवशी सव्वाशेराचं वजन अठरा ग्रॅम वाढलं. मग चोवीस. मग सव्वीस. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी टेप लावली आणि मान डोलावली. पायांवरचे पापुद्रे गळून खाली गुलाबी कातडी दिसायला लागली. आणि इतर पेट्यांतली बाळंही भरायला लागली. एका पेटीतलं बाळ तर महिनाभर अडून बसलं होतं, तेसुद्धा चढायला लागलं. सिस्टर म्हणाल्या, हवा बदलली. मावशी रात्री उशीवर डोकं टेकलं की बोटं मोजायच्या. दोन वर्षं वजा केली तरी वीस वर्षं. एका वेळी सहा पेट्या. त्या हिशोबाला शेवट नव्हता. कुणाचं वजन वाढलं नव्हतं, कुणाच्या आईला आपण काय म्हणालो होतो, एकेक चेहरा यायचा आणि अंथरुणाशी उभा राहायचा. माझ्यासारखी नालायक बाई शोधून सापडणार नाही, असं त्या अंधारात स्वतःला म्हणायच्या. पण सकाळी उठून कुणाला काही सांगायच्या नाहीत. खाई त्याला खवखवे म्हणतात, आणि मावशींचं तसंच झालं होतं.

रविवारी दुपारी मुलगा कामावर होता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात सासू-सून स्वयंपाकघरात बसल्या होत्या. सुनेच्या ताटात मावशींनी परत वाढलं, तशी ती म्हणाली, "आई, एक बोलू? त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर बोललात तेव्हा मला फार लागलं होतं. तुमचा रागच आला होता. पण बरं झालं बोललात. तुम्ही बोललात, मला खायला घातलंत, म्हणून दूध सुधारलं. नाहीतर माझ्यामुळे त्याचं काय झालं असतं." मग जरा थांबून म्हणाली, "आता फक्त येतच नाही फारसं. काल दिवसभरात पाव बाटलीसुद्धा भरली नाही, आधीचं गोठवून ठेवलेलं आहे म्हणून भागतंय. पण निदान जे आहे ते चांगलं आहे."

मावशींच्या हातातला डाव तसाच राहिला. एखाद्याने तोंडात मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ही पोर आपले आभार मानतेय. गप्प बसलं तर आयुष्यभर मानेल, नातवाला मांडीवर देईल, म्हातारपणी औषधाचं पाणी आणून देईल. आणि बोललं तर? कदाचित बाळाला हातही लावू देणार नाही. मावशींना दोन्ही स्वच्छ दिसत होतं.

"तुझं दूध कधी पाणचट नव्हतंच," त्या म्हणाल्या.

सुनेने वर बघितलं.

"साय मी काढत होते. जड पडेल म्हणून. खालचं पातळ तेवढं त्याला द्यायचे आणि साय बाटलीबरोबर धुवून टाकायचे. सगळ्यांचीच. पण तुझी सगळ्यांत जपून, कणही जाऊ दिला नाही. माझाच नातू ना." त्यांनी डाव पातेल्यात ठेवला. "मॅडमनी विचारलं तर खोटं बोलले. चुकले गं मी. फार मोठं चुकले."

 सून ताटातलं बोटाने एकीकडे सारत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पहिल्या दिवसापासून चांगलं होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी रात्री उठायचं सोडून दिलं, आई. दोन आठवडे. म्हटलं, कशाला." तिने तोंडावर पदर धरला आणि रडली, आणि मावशींनी पाठीवर ठेवलेला हात तिने खांदा हलवून बाजूला केला. ताट तसंच ठेवून ती आतल्या खोलीत गेली. दाराशी थांबून, मागे न बघता म्हणाली, "जिथे बोललात ना, तिथेच सांगा. त्याच खोलीत."

सोमवारी सकाळी मावशी आधी मॅडमकडे गेल्या. मॅडम ऐकून घेत होत्या आणि त्यांच्या हातातली फूटपट्टी वाकत होती. "फ्रीजवाल्याला मी काय काय बोलले," एवढंच त्या आधी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हे कागदावर जाणार, मावशी. जायलाच हवं. आणि त्यात आमचंही नाव असेल. बावीस वर्षांत तुम्ही सिरिंज कशी भरता हे बघायला कुणी आलं नाही, मीसुद्धा नाही." मावशी म्हणाल्या, "लिहा. पण आधी मला त्या खोलीत जाऊन येऊ द्या."

सहाही खुर्च्या भरलेल्या होत्या. सून खिडकीजवळच्या खुर्चीत होती. मावशी पडद्याशी उभ्या राहिल्या. पंपांची घरघर चालू होती, ती कुणीतरी बंद केली.

"त्या दिवशी मी हिचं दूध पाणचट म्हटलं," मावशी म्हणाल्या. "ते खोटं होतं. हिचं दूध चांगलं होतं. बाळाच्या वाटची साय मीच काढत होते आणि धुवून टाकत होते. साय जड असते असं मला वाटायचं. ती जड नसते, त्यातच सगळं असतं. मेंदू त्याचाच होतो. दोष माझा होता आणि बोल मी हिला लावला."

 कोपऱ्यातल्या खुर्चीत चार नंबरच्या पेटीची आई बसली होती. तिच्या मुलीला दोन महिने झाले होते आणि ती फारशी कुणाशी बोलत नसे. तिने विचारलं, "मावशी, माझ्या मुलीचीपण?"

मावशींच्या तोंडाशी बरंच आलं. तुझ्या वेळी घाई असायची, ढवळलं जायचं, थोडी साय जायचीच. ते खरंही होतं. त्यांनी सुनेकडे बघितलं. सून त्यांच्याकडेच बघत होती.

"तिचीपण," मावशी म्हणाल्या.

त्या आईने मांडीवरची बाटली उचलून छातीशी धरली. "मग ही मी तुमच्या हातात देणार नाही. आजपासून सिरिंज मी भरणार."

"नको देऊस," मावशी म्हणाल्या. "तूच भर. कशी फिरवायची तेवढं दाखवते."

ती जागची हलली नाही. बाटली तशीच धरून बसली.  तेव्हा सून उठली. फ्रीजमधून सहा नंबरची पहाटेची बाटली घेऊन आली आणि मावशींसमोर उभी राहिली. पहिल्या दिवसांत ही बाटली गळ्यापर्यंत भरायची. आता तळाला जेमतेम दोन चमचे दूध होतं आणि त्याच्यावर पिवळा थर चढला होता.

"मला दाखवा आधी," सून म्हणाली.

मावशींनी तिचे हात आपल्या हातांत घेतले, आणि दोघींनी मिळून ते दोन चमचे दूध हळूहळू गोल फिरवलं, साय पुरती मिसळेपर्यंत.